स्थानिक घटना

अर्ध्या सेकंदाची सरासरी
भागिले अर्ध्या मिनिटाची सरासरी.
उत्तर साडेतीनच्या वर गेलं
की मशीन म्हणतं : काहीतरी आलं.
एवढंच त्याला येतं.
काय आलं ते मी बघायचं,
बेळगावात, दुसऱ्या मजल्यावर, चहा निवत असताना.

बहुतेक वेळा खडीच्या खाणीतला सुरुंग आलेला असतो.
लोंढ्याहून सुटलेली मालगाडी.
नंदगडात आमच्या खोलीला लागून बांधलेल्या म्हशीनं
खांबाला अंग घासलेलं असतं.
आणि जांबोटीत रोज सकाळी सहा चाळीसला
आठ ठोके, दम, पुन्हा आठ.

पहिल्या महिन्यात मी लिहिलं : अज्ञात.
दुसऱ्या महिन्यात बस धरून गेले.
शाळेच्या मागच्या खोलीत आमचं यंत्र,
भिंतीपलीकडं भरमाण्णा लोहाराची ऐरण.
"माझ्यामुळं मोडलं काय गं बाई तुमचं मशीन?"
नाही, म्हटलं, ऐकतं ते तुम्हाला.
"सारखं?"
सारखं.
तो जरा सावरून बसला,
धोतर गुडघ्यावर ओढून,
फोटोला बसतात तसा.

होसमनी सरांनी नियम घातला :
एकट्या स्टेशनच्या शब्दावर जायचं नाही.
पाचातल्या तिघांनी, पंधरा सेकंदांच्या आत,
तेच सांगायला हवं.
घण एका गावाचा असतो,
भूकंप सगळ्यांचा थोडाथोडा.

मार्गशीर्षातली एक रात्र, दोन वाजून तेरा मिनिटं.
आधी कणकुंबी, मग जांबोटी, नंदगड,
शेवटी काकती, हायवेच्या ट्रकांमधून कसंबसं.
हिडकल गप्प, त्याच्या कानात धरणाचं पाणी.
पहिली लाट बारीक, सुईत दोरा जावा तशी.
दोन सेकंदांनी दुसरी, आडवी, अंग झोकून देत.
तीव्रता एक पूर्णांक आठ.
कुणाच्या मांडणीवरची वाटी हलली नाही.
मी जागी होते, पण मलाही काही जाणवलं नाही;
मी फक्त पाहिलं.

केंद्र चोर्ल्याच्या रानात कुठंतरी.
फॉर्मवर रकाना : राज्य.
मशीननं एक ठिपका दिला
आणि ठिपक्याभोवती चुकीचं लंबवर्तुळ,
चार किलोमीटर बाय सात.
त्यात थोडं कर्नाटक, थोडा गोवा,
वरच्या अंगाला महाराष्ट्राचा एक तुकडा.
ठिपका कुठल्या तरी एकाच राज्यात असेल.
चूक तिन्हींत होती.
दुकानाच्या पाटीवरून माणसं
पोलीस ठाण्यात बसलेली पाहिलीत मी ज्या शहरात,
तिथं बसून तो रकाना मी रिकामा ठेवला.
सकाळी सरांनी भरला, कन्नडमध्ये.
(अक्षर सुंदर आहे त्यांचं.)

फाल्गुनात जांबोटीचे ठोके थांबले.
तीन दिवस सहा चाळीसला सपाट रेघ.
मशीन काही बोललं नाही.
आलेलं कळतं त्याला, न आलेलं कळत नाही;
घंटा भागाकार चढतो तेव्हाचीच.
महिन्याच्या अहवालात : जांबोटी, खोट्या नोंदी शून्य.
"छान," होसमनी सर म्हणाले.

मी बस धरली, पोटात गोळा घेऊन.
भरमाण्णा ओट्यावर शेंगा फोडत होता.
"लेकानं वेल्डिंगचं मशीन आणलंय की.
निळा उजेड पडतोय नुसता.
जमिनीला कायबी कळत न्हाई."
मग टरफलं झाडत,
"मी ऐकू येईनासा झालो व्हय बेळगावात?"

यंत्राची चाचणी घ्यायचीच होती.
वर्षातून एकदा घेतात, जमिनीवर हातोडा मारून.
हातोडा कुणाचा, ते पत्रकात लिहिलेलं नसतं.
त्यानं पडवीतून घण काढला, फुंकर मारली.
मी अंगणात जाड पत्रा ठेवला.
"किती?"
आठ.
पाचव्याला त्याला दम लागला.
थांबला. माझ्याकडं बघितलं नाही.
उरलेले तीन मारले.

संध्याकाळी बेळगावात रेघ उघडली.
पाच. लांब मोकळी जागा. तीन.
चाचणी म्हणून हे यादीतून उडवायचं असतं.
प्रकाराच्या रकान्याशी बोट थबकलं,
मग निवडलं :
स्थानिक घटना.